टॉवर येईपर्यंतचं काय?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : रेंज नसलेल्या गावांतून दवाखान्यापर्यंत निरोप पोहोचवण्याबाबत

सन्माननीय मंत्रिमहोदय,

मतदानाच्या दिवशी भामरागडच्या जंगलातला निरोप सरकारपर्यंत बिनचूक पोहोचतो. नर्मदेच्या काठावरच्या मणिबेलीचाही पोहोचतो. मणिबेलीला मतदान पथक बोटीने जातं, गडचिरोलीतल्या काही केंद्रांवर हेलिकॉप्टरने उतरतं. मोबाईल चालत नाही अशा गावांना निवडणूक यंत्रणा ‘शॅडो एरिया’ म्हणते. त्यांची यादी आधीच तयार असते आणि प्रत्येक गावासाठी सोय ठरलेली असते. कुठे पोलिसांचा वायरलेस संच, कुठे सॅटेलाइट फोन, आणि दोन्ही नसतील तर चिठ्ठी घेऊन रेंजपर्यंत पळणारा माणूस. किती टक्के मतदान झालं हा आकडा त्या दिवशी अडत नाही.

दुसऱ्या दिवशी पथक परतीच्या वाटेला लागतं, संच जमा होतात. आठवड्याभराने त्याच गावात एखाद्या बाळंतिणीचं रक्त थांबत नसेल, तर ती खबर दवाखान्यात पोहोचवायला कोणी असेलच असं नाही. सरकारकडे साधनं आहेत आणि ती चालवणारी माणसंही आहेत. ती आरोग्याच्या कामासाठी कायमची उभी करावीत, एवढंच या पत्राचं मागणं आहे.

महोदय, 108 क्रमांकाची रुग्णवाहिका 2014 मध्ये 937 गाड्यांनिशी राज्यात सुरू झाली. सेवा मोलाची आहे, पण तिची पहिली पायरी फोन लागणं ही आहे. मेळघाटात, अक्राणी-अक्कलकुव्याच्या सातपुड्यात, भामरागड-एटापल्लीत ही पायरीच अनेक ठिकाणी निखळलेली आहे. पाड्यावरच्या आशाताईंना रेंजची जागा पाठ असते. अमक्या टेकाडावरचं मोहाचं झाड, तमक्या वळणावरचा दगड, तिथे फोन उंच धरला की एखादी काडी येते. दिवसा ठीक आहे. रात्री, पावसात, विंचूकाट्यातून त्या टेकाडावर जायचं, फोन लावायचा, ‘आपण रांगेत आहात’ ऐकायचं, तेवढ्यात काडी गेली की पुन्हा पहिल्यापासून. गाडी निघाली की नाही हे कळायला मार्ग नसतो, कारण उलटा फोन आला तरी तोवर आशाताई खाली बाळंतिणीजवळ परतलेल्या असतात. मग गावकरी बांबूची झोळी करतात आणि चालू लागतात. वाटेत कुठे गाडी भेटली तर भेटली.

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन अभ्यासकांनी 1994 मध्ये मातामृत्यूंमागचे तीन उशीर सांगितले : दवाखान्यात न्यायचं हे ठरवण्यातला, तिथवर पोहोचण्यातला आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला. आपल्या खात्यातल्या प्रत्येक वैद्यकीय अधिकाऱ्याला हे पाठ असतं. एक खात्रीचा निरोप हे तिन्ही उशीर थोडे थोडे कापू शकतो. घरच्यांना घाई करा म्हणून डॉक्टरने स्वतः सांगितलं तर निर्णय लवकर होतो. गाडी अर्ध्या वाटेवर येऊन थांबते. आणि ग्रामीण रुग्णालयात रक्ताची बाटली आहे का, भूलतज्ज्ञ आहेत का, हे आधी कळलं तर रुग्णाला एका दारातून दुसऱ्या दारात फिरवावं लागत नाही.

यावर आपल्याकडचं ठरलेलं उत्तर असतं : टॉवर येतोय. टॉवर यायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै 2022 मध्ये देशभरातल्या 24,680 गावांत 4जी नेण्यासाठी 26,316 कोटी रुपये मंजूर केले, त्यात आपलीही गावं आहेत. पण टॉवर उभा राहणं आणि टॉवर चालू असणं या वेगळ्या गोष्टी आहेत हे दुर्गम भागातल्या कोणालाही सांगावं लागत नाही. वीज गेली, बॅटरी संपली, डिझेल आलं नाही, रस्त्याच्या कामात केबल तुटली, की टॉवर नुसता लोखंडी सांगाडा. भामरागडला दर पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढतं आणि तालुक्याचं ठिकाण बाकी जगापासून तुटतं. नेमक्या त्याच दिवसांत वीज आणि फोन यांचाही भरवसा नसतो. हिवतापाचे, सर्पदंशाचे, अडलेल्या बाळंतपणांचे दिवस हेच. तेव्हा टॉवर आला तरी दुसरी वाट लागणारच आहे, आणि आला नाही तर तीच पहिली वाट आहे.

ही दुसरी वाट आपल्याच राज्यात, आपल्याच एका खात्याकडे आहे. मेळघाट व्याघ्र प्रकल्प 1973-74 मध्ये देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांबरोबर सुरू झाला. आज तिथल्या वनरक्षकाच्या हातात वॉकीटॉकी असतो, परिक्षेत्राच्या कार्यालयात बेस सेट असतो आणि उंचावरच्या रिपीटरमार्फत एका खोऱ्यातलं बोलणं दुसऱ्या खोऱ्यात ऐकू जातं. वाघाच्या रक्षणासाठी ही व्यवस्था हवीच. पण त्याच जंगलातल्या उपकेंद्रात, वनरक्षकाच्या नाक्यापासून हाकेच्या अंतरावर बसणाऱ्या सिस्टरकडे तसा संच नसावा, याचं कारण तंत्रज्ञानात सापडत नाही. ते खात्यांच्या भिंतीत सापडतं. मेळघाटातल्या बालमृत्यूंवर उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे सुनावण्या झाल्या, समित्या नेमल्या गेल्या, भरारी पथकं फिरली. वनखात्याच्या रिपीटरवर आरोग्य खात्याला एक चॅनेल मिळावं, ही मागणी त्या सगळ्या गदारोळात कुठे ठळकपणे पुढे आली नाही.

व्हीएचएफ वायरलेस हे काही नवलाईचं यंत्र नव्हे. पाच वॉटचा हातात मावणारा संच, उपकेंद्रात पंचवीस वॉटचा टेबलावरचा संच, बारा व्होल्टची बॅटरी, छपरावर सोलर पॅनेल आणि बांबूला किंवा पाइपला बांधलेला अँटेना, एवढाच संसार. हातातल्या संचाची किंमत एखाद्या बऱ्यापैकी स्मार्टफोनच्या आसपास जाते. रिचार्ज नाही, सिम नाही. या लहरी सरळ रेषेत जातात, डोंगर आड आला की अडतात. म्हणून रिपीटर उंच जागी बसवावा लागतो. मेळघाटात त्यासाठी चिखलदऱ्याजवळचं वैराट आहे, समुद्रसपाटीपासून 1,100 मीटरहून उंच. सातपुड्यात तोरणमाळचं पठार आहे. एका रिपीटरवर चाळीस-पन्नास किलोमीटरचा मुलूख जोडता येतो, आणि तरीही सुटलेल्या दऱ्यांसाठी दुसरा लागतो. परवानगी दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेकडून घ्यायची असते. हे काम कसं करायचं हे पुण्याच्या पोलीस बिनतारी संदेश विभागाला कित्येक दशकं ठाऊक आहे. किल्लारीच्या भूकंपात, 1993 मध्ये, टेलिफोनच्या तारा तुटल्यावर हौशी हॅम रेडिओवाल्यांनी याच जातीच्या यंत्रांवर निरोप पोहोचवले होते.

आरोग्यासाठी हे कोणी करून पाहिलंय का, असा प्रश्न फाइलीवर येईलच. पूर्व युगांडातल्या इगांगा जिल्ह्यात 1996 मध्ये ‘रेस्क्युअर’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. गावातल्या सुइणींना वॉकीटॉकी दिले, आरोग्य केंद्रांत आणि रुग्णवाहिकेत संच बसवले. सुईण अडचण सांगे, केंद्रातली नर्स काय करायचं ते सांगे, आणि गरज पडली तर गाडी निघे. पुढच्या तीनेक वर्षांत तिथले मातामृत्यू बरेच खाली आल्याची नोंद आहे. श्रेय एकट्या रेडिओचं नव्हतं, वाहनांची सोयही त्याबरोबर झाली होती. पण त्याआधी निरोप पोहोचत नसल्यामुळे गाडी असूनही निघत नव्हती.

दुसरं उदाहरण पेरूचं. अॅमेझॉनच्या जंगलातल्या आल्टो आमाझोनास भागात आरोग्य केंद्रं नद्यांच्या काठाने विखुरलेली आहेत. रस्ता नाहीच, बोटीने काही तास ते काही दिवस. तिथे माद्रिदच्या तंत्रविद्यापीठातल्या अभियंत्यांनी आणि पेरूच्या संस्थांनी 2000 नंतरच्या वर्षांत चाळीसच्या आसपास केंद्रं व्हीएचएफ रेडिओने जोडली. त्यांनी एक युक्ती केली. त्याच रेडिओवरून बोलता यायचं आणि संगणक जोडून ई-मेलही पाठवता यायची. वेग अगदी गोगलगायीचा, फोटो पाठवायचा म्हटला तर दमछाक. पण साप्ताहिक अहवाल, औषधांची मागणी, डॉक्टरला विचारलेला प्रश्न यांना किती वेग लागतो? अहवाल पोहोचवण्यासाठी नर्सला करावी लागणारी बोटीची फेरी वाचली, ती केंद्रातच राहिली, आणि तातडीच्या रुग्णाला हलवायला लागणारा वेळ कमी झाला. अक्राणीतल्या सिस्टरला तालुक्याच्या मीटिंगसाठी आणि अहवालासाठी किती दिवस उपकेंद्राला कुलूप लावावं लागतं, हे आपल्या अधिकाऱ्यांना एकदा विचारून पाहावं.

वायरलेसच्या अडचणीही आहेत, त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही. चॅनेलवरचं बोलणं सगळ्यांना ऐकू जातं. म्हणून नावाऐवजी रुग्णाचा नोंदणी क्रमांक वापरायची शिस्त हवी. गर्भपात, एचआयव्ही, लैंगिक अत्याचार अशा बाबी त्यावर बोलायच्याच नाहीत. एका वेळी एकालाच बोलता येतं, त्यामुळे गप्पांची सवय लागली की तातडीचा निरोप मागे पडतो. आणि नक्षलग्रस्त भागात वायरलेस संच हातात घेऊन फिरणाऱ्या बाईकडे संशयाने पाहिलं जाईल, हा धोका खरा आहे. तिथे संच हातात न देता उपकेंद्रात आणि आश्रमशाळेत कायमचा बसवलेला बरा, आणि तो पोलिसांच्या जाळ्यापासून पूर्ण वेगळा हवा. लोकांचा दवाखान्यावरचा विश्वास कुठल्याही यंत्रापेक्षा महाग आहे.

जिथे रेंज अगदीच नाही असं नाही, अधूनमधून येते, तिथलं औषध वेगळं. तिथे साध्या एसएमएसला विसरू नये. फोनवर बोलायला काही मिनिटं सलग सिग्नल लागतो, एसएमएसला क्षणभर पुरतो. समोरचा फोन रेंजबाहेर असेल तर निरोप नेटवर्कवर थांबतो आणि तो रेंजमध्ये आला की पोहोचतो. देवनागरीतल्या एका एसएमएसमध्ये 70 अक्षरचिन्हं मावतात. ‘बाळंतीण, 3 रा दिवस, ताप 101, गाडी हवी’ हा निरोप काना, मात्रा, वेलांटी, स्वल्पविराम आणि मोकळ्या जागा वेगवेगळ्या मोजूनही चाळिशीच्या आत संपतो. डॉक्टरला निर्णय घ्यायला यातलं बरंच पुरतं.

मलावीतल्या नामिटेटे गावच्या सेंट गॅब्रिएल रुग्णालयाने 2008 मध्ये एवढ्याच सामग्रीवर काम उभं केलं. रुग्णालयाचा आवाका सुमारे अडीच लाख लोकांचा, गावं लांबवर पसरलेली, आरोग्य स्वयंसेवक कागद घेऊन दिवसदिवस पायी यायचे. स्टॅनफर्डचा एक विद्यार्थी, जॉश नेस्बिट, वापरलेले जुने फोन, एक लॅपटॉप आणि ‘फ्रंटलाइन एसएमएस’ नावाचं फुकटातलं सॉफ्टवेअर घेऊन तिथे गेला. लॅपटॉपला केबलने एक फोन जोडायचा. इंटरनेट नको, सर्व्हर नको. 75 स्वयंसेवकांना मेसेज करायला शिकवलं. कोणत्या क्षयरुग्णाने गोळ्या सोडल्या, कोण अंथरुणाला खिळलं, कोणाला औषध संपत आलंय, हे रुग्णालयाला घरबसल्या कळू लागलं. सहा महिन्यांत कर्मचाऱ्यांचे 2,048 तास वाचले. इंधनाचे सुमारे 3,000 डॉलर वाचले, आणि सगळी योजना चालवायला खर्च आला 250 डॉलर. क्षयरोगाच्या कार्यक्रमाची क्षमता 100 रुग्णांवरून 200 वर गेली. हे सगळं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. गंमत म्हणजे ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या केन बँक्स यांना त्याची कल्पना सुचली ती दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात, वन्यजीव संवर्धनाचं काम करताना. तिथेही सुरुवात जंगलखात्यापासूनच झाली म्हणायची.

आपल्याकडे हे करताना एक कायदेशीर काटा टोचेल. घाऊक एसएमएस पाठवायचे तर ट्रायच्या 2018 च्या नियमांप्रमाणे पाठवणाऱ्याची आणि मजकुराच्या साच्याची आधी नोंदणी लागते. फसवणुकीचे मेसेज रोखायला ते योग्यच आहे. पण डॉक्टरचं उत्तर दर वेळी ठरलेल्या साच्यात कसं बसणार? एका माणसाने एका फोनवरून पाठवलेल्या साध्या मेसेजला हा जाच नाही. त्यामुळे तालुक्याला एक ठरलेला नंबर, एक ठरलेला फोन आणि त्यापुढे बसणारा माणूस, अशी गावठी रचना इथे मोठ्या पोर्टलपेक्षा सरस ठरेल.

अॅपबद्दल थोडक्यात. ऑगस्ट 2021 मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले. फोन जुने झालेले, मेमरी अपुरी, सारखे अडकणारे. त्यावर भरायचं अॅप इंग्रजीत. ज्या बाईने मुलाचं वजन घ्यायचं तिने रात्री रेंज शोधत फॉर्म भरायचा, आणि भरला नाही तर मानधनाची चिंता. आशाताईंच्या आंदोलनांतही ऑनलाइन कामाची हीच कुरकुर पुन्हा पुन्हा ऐकू येते. खरं तर रेंजशिवाय चालणारं, माहिती फोनमध्ये साठवून रेंज आली की आपोआप पाठवणारं अॅप ही आता सोडवलेली गोष्ट आहे. अंगणवाडीचं त्याआधीचं ‘कॅस’ हे अॅप ज्या कॉमकेअर प्रणालीवर होतं ती याच पद्धतीने चालते. केनियाने 2023 मध्ये एक लाखाच्या आसपास आरोग्यसेविकांना दिलेली प्रणालीही अशाच, कोणालाही मोफत वापरता येणाऱ्या ‘कम्युनिटी हेल्थ टूलकिट’वर उभी आहे. तेव्हा यापुढे खात्याने कोणतंही अॅप विकत घेताना ठेकेदाराला मेळघाटातल्या बिनरेंजच्या गावात तीन दिवस नेऊन ते चालवून दाखवायला सांगावं. निविदेत एवढी एक अट पुरे.

पण एक गोष्ट मात्र अॅपमध्ये येत नाही, ती म्हणजे भाषा. मेळघाटात घरात कोरकू बोलली जाते, भामरागडात माडिया, अक्राणीत पावरी. तिथल्या आईला मराठीतला मजकूर वाचायला देणं म्हणजे काम उरकणं. केंद्राच्या ‘किलकारी’ सेवेचा विचार इथे करण्यासारखा आहे. 2016 पासूनची ही सेवा गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला आईच्या फोनवर एक ध्वनिमुद्रित संदेश ऐकवते, एकूण 72. कसलाही साधा फोन चालतो, वाचता यायला लागत नाही. 2024 मध्ये ती महाराष्ट्रातही आली. तिचं रेकॉर्डिंग या तीन आदिवासी बोलींत करणं हे काही अवघड काम नाही. बोलणाऱ्या बायका तिथेच आहेत, त्यांना मानधन द्यावं लागेल इतकंच.

आणि जिथे तो फोनही लागत नाही? गडचिरोलीच्या सीमेपलीकडे, छत्तीसगडमध्ये, शुभ्रांशु चौधरी यांनी 2010 मध्ये ‘सीजीनेट स्वर’ सुरू केलं. गोंडी बोलणारा माणूस मिस्ड कॉल देई, यंत्र उलटा फोन करी, तो आपली बातमी किंवा तक्रार सांगे आणि इतरांना ती ऐकता येई. पुढे बिनरेंजच्या गावांसाठी त्यांनी ‘बुलटू रेडिओ’ काढला. बाजाराच्या गावात ध्वनिफीत उतरवून घ्यायची आणि ब्लूटूथने एका फोनमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. गाणी आणि सिनेमे असेच पसरतात, मग ओआरएस कसं करायचं आणि सर्पदंशात काय करू नये हे का पसरू नये? आठवडी बाजार हे आपल्याकडचं सगळ्यात जुनं आणि अजून बंद न पडलेलं नेटवर्क आहे.

आता नव्या साधनांचा मोह. लोरा नावाची रेडिओ पद्धत सध्या हौशी मंडळींत लोकप्रिय आहे. छोटे संच, अगदी कमी वीज, एकाकडून दुसऱ्याकडे उड्या मारत जाणारे लहान मजकूर, आणि 865 ते 867 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे परवान्याची गरज नाही. अभियांत्रिकीच्या मुलांनी दोन-चार पाड्यांत करून पाहावं असं हे आहे. जीव ज्यावर टांगायचा अशी यंत्रणा मात्र आजच तिच्यावर उभारू नये.

महोदय, खरं दुखणं पुढेच आहे. आपल्या राज्याला प्रयोगांची वाण नाही. मेळघाटातलंच हरिसाल 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या साथीने देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं. तीन वर्षांनी लोकसभेच्या प्रचारात राज ठाकरे यांनी ‘लाव रे तो व्हिडिओ’ म्हणत तेच गाव मोठ्या पडद्यावर दाखवलं आणि डिजिटल म्हणजे काय उरलंय यावर महाराष्ट्रभर वाद झाला. त्या वादात कोण किती खरं होतं ते बाजूला ठेवू. प्रयोगाच्या उद्घाटनाला जितके कॅमेरे असतात तितके हात दुरुस्तीला नसतात, हे दोन्ही बाजू मान्य करतील.

दुरुस्तीचा धडा तमिळनाडूतल्या थेनीने दिला आहे. अरविंद नेत्र रुग्णालयाने आपली खेड्यांतली दृष्टिकेंद्रं थेनीच्या रुग्णालयाशी लांब पल्ल्याच्या वायफायने जोडली. साध्या वायफायला काही मीटरच्या अंतराची सवय असते; उत्तर यायला जरा उशीर झाला की ते निरोप हरवला असं समजतं. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या एरिक ब्रूअर यांच्या गटाने सॉफ्टवेअरमध्ये बदल करून तीच स्वस्त यंत्रं कित्येक किलोमीटरवर चालवली, आणि खेड्यातल्या माणसाचा डोळा थेनीतला डॉक्टर व्हिडिओवर पाहू लागला. पण त्या गटाने 2008 मध्ये जो निबंध सादर केला तो वेगाबद्दल नव्हता, हे जाळं जिवंत ठेवताना काय काय बिघडलं याबद्दल होता. सगळ्यात मोठा शत्रू निघाली वीज. कागदावर 230 व्होल्ट असलेल्या लाइनीवर त्यांनी हजार व्होल्टपर्यंतच्या उसळ्या मोजल्या. उपकरणं जळायची, अर्धवट चालायची, आणि दोष कुठे आहे हे तिथल्या माणसाला कळायचं नाही. शेवटी उपयोगी पडलं ते विजेचं संरक्षण, सौर चार्जर आणि स्थानिक तंत्रज्ञांना दिलेलं शिक्षण. आपल्या उपकेंद्रांत धूळ खात पडलेले यूपीएस पाहिले की थेनीचा निबंध मराठीत आणून जिल्हा भांडार अधिकाऱ्यांना वाटावा असं वाटतं.

यंत्राइतकंच महत्त्वाचं, पलीकडे उत्तर देणारं कोणी हवं. निरोप पोहोचला आणि ‘डॉक्टर मीटिंगला गेलेत’ असं उत्तर आलं, तर आशाताई पुढच्या वेळी टेकाड चढणार नाहीत. त्यामुळे धारणी, अक्राणी, भामरागड इथल्या रुग्णालयांत चोवीस तास एक माणूस संचापाशी बसलेला हवा आणि त्याच्याजवळ गाडी सोडण्याचा अधिकार हवा. प्रत्येक निरोप किती वाजता आला, उत्तर किती वाजता गेलं, गाडी किती वाजता हलली, याची वही हवी. ती वही तालुका आरोग्य अधिकाऱ्याने दर आठवड्याला पाहावी. आणि उत्तर घेणारीच्या हातात काही असायला हवं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गडचिरोलीच्या 39 गावांत आरोग्यदूत बायकांना नवजात बाळाला तपासायला आणि औषध द्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटलेले होते, असं 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं. फोनवरून दिलेला सल्ला अशा शिकलेल्या हातांतच कामाला येतो. रिकाम्या पिशवीला वायरलेस लावून उपयोग नाही.

पैशाचं म्हणाल, तर मोबाईल कंपन्यांच्या महसुलातून ग्रामीण दळणवळणासाठी कापला जाणारा पाच टक्क्यांचा निधी आता ‘डिजिटल भारत निधी’ म्हणून ओळखला जातो. म्हणजे प्रत्येक रिचार्जमधून रेंज नसलेल्या गावांच्या नावाने आपण सगळे थोडं थोडं भरतोच आहोत. त्यातून तीन तालुक्यांच्या बिनतारी जाळ्याचा प्रस्ताव राज्याने केंद्राकडे मांडावा. तोवर आदिवासी उपयोजनेतून सुरुवात करता येईल. रक्कम एखाद्या जिल्हा रुग्णालयाच्या सीटी स्कॅन यंत्रापुढे किरकोळ ठरेल, म्हणूनच कदाचित ती आजवर कोणाच्या डोळ्यांत भरली नसावी. यंत्रांच्या खरेदीइतकीच रक्कम पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीसाठी त्याच आदेशात बांधून ठेवावी, नाहीतर संच भिंतीवर टांगलेले राहतील आणि पाहणीला आलेल्या पाहुण्यांना दाखवले जातील.

तेव्हा विनंती अशी, की येत्या पावसाळ्याच्या आधी वनमंत्र्यांबरोबर एक बैठक घ्यावी, पोलीस बिनतारी विभागाचा एक अधिकारी तांत्रिक सल्ल्यासाठी मागून घ्यावा आणि धारणी, अक्राणी व भामरागड या तीन तालुक्यांसाठी शासन निर्णय काढावा. कोणत्या गावांपासून सुरुवात करायची यासाठी नवं सर्वेक्षण नको. जिल्हाधिकाऱ्यांच्या निवडणूक शाखेत शॅडो एरियाची यादी तयार आहे, ती मागवून घ्यावी.

कळावे,

आपला,
एक करदाता नागरिक